मुलांचे नाटक आणि मुलांचा गळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की आमच्या पनवेलमधल्या दवाखान्यांत एक ठराविक आवाज ऐकू यायला लागतो. तो असतो बसलेल्या घशाचा. मुलाला ताप नसतो, खोकला नसतो, घसा तपासला तर लालीही दिसत नाही, पण बोलायला लागले की फाटक्या पडद्यातून वारा जावा तसा आवाज येतो. "सर्दी झाली असेल डॉक्टर, एखादे अँटिबायोटिक द्या ना," असे आई म्हणते. मी विचारतो, "शाळेत गॅदरिंग कधी आहे?" मग उलगडा होतो. चिरंजीव नाटकात मावळा झालेले असतात, आणि गेले पंधरा दिवस रोज मधल्या सुट्टीनंतर दीड-दोन तास मैदानावर उभे राहून आरोळ्या ठोकत असतात.

स्नेहसंमेलनाला माझा विरोध आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. उलट शाळेत नाटक झालेच पाहिजे, आणि ते वर्षातून एका रात्रीपुरते नको, वर्षभर थोडे थोडे हवे, असे माझे मत आहे. तक्रार एवढीच, की आपण मुलांना नाटक बसवून देतो, पण आवाज कसा काढायचा आणि अंग कसे वापरायचे हे शिकवत नाही. तालमीत सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते असेल, तर "मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही!" हे. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला आपण आधी अंग मोकळे करायला लावतो. बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यालाही तशी तयारी लागते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

आवाज तयार कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. घरात किंवा देवळात पेटी पाहिली असेल. तिला भाता असतो, स्वर देणाऱ्या पट्ट्या असतात आणि आवाजाला भरदारपणा देणारी लाकडी पेटी असते. आपल्या शरीरात फुप्फुसे हा भाता, गळ्याच्या घाटीमागे असलेले दोन स्वरतंतू या पट्ट्या, आणि घसा, तोंड, नाक या पोकळ्या म्हणजे पेटी. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतात. दहा वर्षांच्या मुलाचे जेमतेम सेंटिमीटरभर. शिवाय मुलांच्या तंतूंची आतली थरांची रचना अजून पुरती तयार झालेली नसते, ती वयात येताना पूर्ण होते. असे हे कोवळे तंतू बोलताना सेकंदाला सुमारे २५० ते ३०० वेळा एकमेकांवर आपटतात. तालमीत मुलाने एकूण अर्धा तास जरी आवाज काढला, तरी हा आकडा साडेचार ते साडेपाच लाखांवर जातो. ओरडताना तर ते नुसते आपटत नाहीत, दाबून घासले जातात. टाळ्या वाजवणे आणि तळहात एकमेकांवर आदळणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

कुदळ मारणाऱ्याच्या हाताला जसा घट्टा पडतो, तसा या तंतूंनाही पडतो. दोन्ही तंतूंवर, पुढच्या एकतृतीयांश भागाच्या टोकाला, समोरासमोर बारीक गाठी येतात. गायकांना, फेरीवाल्यांना, शिक्षकांना आणि आरडाओरडा करणाऱ्या मुलांना त्या होतात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतात. गाठ हा शब्द ऐकून घाबरू नये, ही गाठ कॅन्सरची नव्हे. पण तीमुळे तंतू नीट मिटत नाहीत, हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो.

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याचा आवाज बसून तीन महिने झाले होते. तोवर तीन वेळा अँटिबायोटिक, दोन खोकल्याची औषधे आणि एक ताईत एवढे सगळे होऊन गेले होते. सकाळी बरा, संध्याकाळी बसलेला, असा आवाजाचा क्रम होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा गाठी दिसल्या. वडिलांचा पहिला प्रश्न, "ऑपरेशन कधी करायचे?" मुलांमध्ये या गाठींना सहसा ऑपरेशन लागत नाही. आवाज वापरण्याची पद्धत बदलणे हाच खरा उपचार, आणि तो वाचा-उपचारतज्ज्ञ शिकवतात. मुंबईत नायर रुग्णालयात ही सोय आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पनवेलहून हार्बर लाइनने वडाळ्याला गाडी बदलून तिथे जाता येते. हा मुलगा पाच-सहा महिने जात राहिला आणि त्याचा आवाज सुधारला. त्याला तिथे शिकवले काय, तर श्वास कसा घ्यायचा, घसा ढिला कसा ठेवायचा आणि शब्द ओठांवर कसे आणायचे. म्हणजे जे नाटकाच्या तालमीत पहिल्या दिवशी शिकवायला हवे होते, तेच.

नाटकाच्या जाणत्या मंडळींना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि आवाजाची उर, कंठ आणि शिर अशी तीन स्थाने दिली आहेत. जवळच्या माणसाशी बोलायचे तर उर, थोड्या दूरच्याशी कंठ, लांबच्याला हाक मारायची तर शिर. आमची मुले सगळा संवाद कंठातून बोलतात, तेही कंठ आवळून. आपल्या काळात डॉ. अशोक रानडे यांनी आवाज जोपासना हा विषय शास्त्रीय पायावर मांडला आणि गायक-नटांना शिकवला. डॉ. श्रीराम लागू तर स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, १९६९ च्या सुमारास पूर्णवेळ नट झाले, आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगमंचावर आणले. ज्याने शेकडो लोकांचे गळे आतून पाहिले, त्याने आपला गळा एवढ्या मोठ्या भूमिकेला जुंपावा, याचे मला वैद्यकाचा विद्यार्थी असल्यापासून अप्रूप वाटत आले आहे.

मुलांच्या नाटकाचीही आपल्याकडे चांगली परंपरा आहे. सुधाताई करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू करून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' केले. सुलभाताई देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांची नाटके बसवता बसवता पुढे 'आविष्कार'ची चंद्रशाला उभी राहिली. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनची ग्रिप्स चळवळ मराठीत आणली. आगाशे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. ग्रिप्सची गंमत अशी, की तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. गळ्याच्या दृष्टीने ही सोय उत्तमच म्हणायची! पण शाळेत ती चालणार नाही. शाळेचे नाटक मुलांनी प्रेक्षक म्हणून बघण्यासाठी नसतेच, ते करण्यासाठी असते.

आता प्रत्यक्ष काय शिकवावे? मी काही नाट्यदिग्दर्शक नाही. पण शरीराच्या बाजूने जे सांगता येईल, ते सांगतो. त्याला खर्च काही नाही.

पहिली गोष्ट श्वास. मुलाला "मोठा श्वास घे" म्हणा. ते खांदे कानापर्यंत वर उचलते आणि पोट आत ओढते. हा श्वास उथळ, आणि त्यात मानेचे स्नायू ताठ होतात ते वेगळेच. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखे एक स्नायूचे पटल असते. ते खाली सरकले की फुप्फुसांत हवा भरते आणि पोट पुढे येते. हे समजावून सांगण्यापेक्षा करून घेणे सोपे. वर्गात सतरंजी अंथरा, मुलांना उताणे झोपवा आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचेच पाठ्यपुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर गेले पाहिजे, सोडताना खाली. दोन-तीन दिवसांत जमते. मग उभे राहून तेच करावे, आणि श्वास सोडताना हलका 'स्‌ऽऽ' असा आवाज एकसारखा काढावा. सुरुवातीला पाच-सात सेकंदांत दम संपतो, पुढे वाढतो. शर्यत मात्र लावू नये. मुले ओठ निळे पडेपर्यंत ताणतात आणि भोवळ येते. ज्यांना दमा आहे त्यांनीही हे जरूर करावे, पण श्वासाचा व्यायाम हे इनहेलरला पर्याय नव्हे, हे पालकांना मुद्दाम सांगतो. आमच्याकडे महामार्गाची आणि बांधकामांची धूळ कमी नाही, आणि हिवाळ्यात ती खाली साचून राहते.

यातूनच घरच्या घरी एक छोटी चाचणी होते. मूल 'स्‌ऽऽ' किती सेकंद धरू शकते ते मोजा. मग 'माझा' या शब्दातला 'झ' तसाच लांबवून मोजा. 'स'ला स्वरतंतू लागत नाहीत, 'झ'ला लागतात. निरोगी गळ्यात दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात. 'स' पंधरा सेकंद आणि 'झ' आठच, असे पुन्हा पुन्हा झाले, तर तंतूंमधून हवा निसटते आहे अशी शंका घ्यावी. ही शंकाच, निदान नव्हे. निदान दुर्बिणीनेच होते. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला, तर चाचणीची वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावे. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

दुसरी गोष्ट गळा तापवण्याची. घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवत आवाज काढायचा. मुलांना हा व्यायाम शिकवावा लागत नाही, थांबवावा लागतो. तोंड मिटून 'म्‌ऽऽ' असे गुणगुणायचे, ओठांना आणि नाकाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. तिसरा प्रकार म्हणजे अर्ध्या पेल्यात पाणी घेऊन त्यात नळीने बुडबुडे काढत 'ऊऽऽ' म्हणायचे. नळीमुळे तोंडात मागे जो हलका दाब तयार होतो, त्याने तंतू एकमेकांवर आदळत नाहीत, अलगद मिटतात. परदेशातले वाचा-उपचारतज्ज्ञही आज हाच व्यायाम देतात. शहाळ्याबरोबर मिळणारी नळी चालते, मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. हे सगळे मिळून पाच मिनिटे पुरतात.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्यंजने. "ऐकू येत नाही" ही प्रेक्षकांची तक्रार असते तेव्हा खरे तर त्यांना आवाज ऐकू येत असतो, शब्द कळत नसतो. शब्दाचा जोर स्वरात असतो, पण अर्थ व्यंजनांत असतो. मूल ओरडते तेव्हा 'आ', 'ओ' मोठे होतात; 'त', 'प', 'क', 'स' तेवढेच राहतात आणि आ-ओच्या गदारोळात बुडून जातात. म्हणून ओरडून बोललेला संवाद पुष्कळदा साध्या बोलण्यापेक्षा कमी कळतो. यावर उपाय असा, की संपूर्ण संवाद आधी आवाज न काढता, नुसत्या ओठ-जिभेने, समोरच्याला ओठांवरून कळेल असा म्हणायचा. नुसते कुजबुजणे नको, त्यात गळा आवळला जातो. मग त्याच हालचालींवर नेहमीचा आवाज चढवायचा. मागच्या रांगेतल्या शिक्षकांना फरक लगेच जाणवेल.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या तालुक्यात अनेक मुले घरी आगरी बोलतात. डोळ्याला डोला म्हणतात, पाण्याला पानी. तालमीत या मुलांना "शुद्ध बोल" म्हणून चारचौघांत टोकले जाते आणि मूल ओठ मिटून घेते. माझ्या ओळखीच्या एका सहावीतल्या मुलीने असा अनुभव आल्यावर वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणणेही सोडले होते. तिची आई पोटदुखीची तक्रार घेऊन आली होती. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचे, रविवारी नाही. पोटात काही नव्हते. पुढे एका नव्या बाईंनी तिला नाटकात गावातल्या म्हातारीची, तिच्याच बोलीतली भूमिका दिली. पोटदुखीसाठी ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. ज्या समाजात धवलारीण लग्नात तासन्‌तास धवले गाते, त्या समाजातल्या मुलीचा गळा कच्चा असेल हे मला पटत नाही. 'ळ' आणि 'ण' शिकवावेत, जरूर शिकवावेत, पण आणखी एक आवाज म्हणून. घरचा आवाज पुसून नव्हे.

अडखळत बोलणाऱ्या मुलांना नाटकातून वगळण्याची पद्धत आहे. तीही चुकीची. अशी बहुतेक मुले इतरांबरोबर एका सुरात बोलताना अडखळत नाहीत. समूहाच्या संवादात त्यांना आवर्जून घ्यावे.

आठवी-नववीच्या मुलग्यांचा प्रश्न वेगळा. साधारण बारा ते पंधरा या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि काही महिन्यांत आवाज जवळपास एका सप्तकाने खाली उतरतो. मधल्या काळात वाक्याच्या मध्येच तो फाटतो आणि वर्ग हसतो. हा आजार नाही. या दिवसांत मुलाला उंच स्वरात गायला लावू नये आणि मुद्दाम जाड आवाजात राक्षसही करायला लावू नये. ज्या पट्टीत सहज बोलता येते, तीच त्याची पट्टी. मुलींचा आवाजही या वयात थोडा बदलतो, पण तो कोणाच्या लक्षात येत नाही इतकेच.

अंगाकडे वळू. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्राच्या २०२० च्या धोरणात म्हटले आहे. प्रत्यक्ष काय असते ते संध्याकाळी एस.टी. स्टँडवर उभे राहून पाहावे. खांदे पुढे, मान पुढे, पाठीला पोक. अशा अंगात बरगड्या पुरत्या उघडत नाहीत, मग श्वास कुठून येणार? भिंतीला टाचा, पाठ आणि डोके टेकवून मिनिटभर उभे राहायचे आणि तसेच चालत पुढे यायचे, एवढ्यानेही आवाजात फरक पडतो. आंधळी कोशिंबीर, शिवाजी म्हणतो, आरशासमोरची नक्कल हे खेळ म्हणजे आंगिक अभिनयाची प्राथमिक शाळाच. बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकांत नाट्याचा भाग दिला होता, तो हेच सांगतो. पण तो तास बहुधा गणिताला जातो!

तालमीत आणि प्रयोगाला मुले चक्कर येऊन पडतात, ती बहुधा राजाच्या दरबारातले भालदार-चोपदार असतात. रिकाम्या पोटी, गुडघे ताठ करून, अर्धा तास न हलता उभे राहिले की पायांत रक्त साचते आणि मेंदूला कमी पडते. गुडघे किंचित सैल ठेवावेत, पायांची बोटे हलवत राहावे, आणि प्रयोगाआधी दीड-दोन तास हलके खाल्लेले असावे. वडापाव नको. पडलेच तर आडवे झोपवून पाय उंच करावेत. उठवून बसवू नये, कांदा हुंगवण्याचीही गरज नाही. आहार्य अभिनयाबद्दल डॉक्टरचे म्हणणे इतकेच, की सगळ्या वर्गाला एकच काजळकांडी फिरवू नये. स्नेहसंमेलनानंतरच्या आठवड्यात डोळे येण्याची आणि भाड्याच्या टोपांतून उवांची साथ आम्ही दर वर्षी पाहतो.

सभाभीती कोणाला चुकली आहे? रंगमंचावर जाण्याआधी अंगात अ‍ॅड्रेनलीन वाढते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते आणि पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. हे मुलांना आधीच सांगून ठेवले, तर ती अर्धी भीती तिथेच सोडतात. श्वास हळू सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून वर सांगितलेला 'स्‌ऽऽ' पडद्याआड चार-पाच वेळा करावा. पाण्याचे घोट घ्यावेत. सारखे खाकरू नये. खाकरणे म्हणजे तंतूंना चापट मारणे.

मैदानावरच्या तालमी शक्यतो टाळाव्यात. उघड्यावर आवाज परत आणून देणारी भिंत नसते; मूल जीव तोडून बोलते आणि तरी ऐकू जात नाही. वर्गात, पंखा बंद करून, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत तालीम घ्यावी. फडके नाट्यगृहासारख्या सभागृहात किंवा मांडवात माईक असतोच. तो वीतभर अंतरावर ठेवून बोलण्याचा सराव दोन दिवस आधी द्यावा. हल्ली काही शाळा संवाद आधी स्टुडिओत मुद्रित करून घेतात आणि मुले नुसते ओठ हलवतात. गळ्याचा डॉक्टर म्हणून मला खरे तर आनंद व्हायला हवा. पण होत नाही. मुलाचे तोंड हलते आहे आणि आवाज भिंतीवरच्या कर्ण्यातून येतो आहे, हे पाहून मला बाहुल्यांचा खेळ आठवतो.

शिक्षकांनाही हे सारे लागू आहे, किंबहुना जास्तच. पन्नास-साठ मुलांपुढे दिवसाला पाच-सहा तास बोलणाऱ्या माणसाचा गळा नटापेक्षा अधिक राबतो. मुलांबरोबर पाच मिनिटे बुडबुडे त्यांनीही काढावेत.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घशाला सुट्टी द्यावी. मौन नको, ते मुलांना जमतही नाही. हळू, जवळून बोलले म्हणजे पुरे. प्रयोगानंतर आइस्क्रीम द्यावे का, असे मला दर वर्षी विचारतात. खुशाल द्यावे. आइस्क्रीम अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना शिवतही नाही. फक्त ते खाताना पलीकडच्या टोकाला बसलेल्या मित्राला हाका मारू देऊ नयेत.